सेल्फ-टेपसाठी भाड्याची खोली: पुण्यात पैसे नेमके कशाचे मोजायचे

मराठी मालिकेच्या ऑडिशनची पहिली फेरी आता बहुतेक वेळा मोबाइलवरच होते. दुपारी व्हॉट्सॲपवर दोन पानांचा सीन येतो, सोबत पात्राची चार ओळींची माहिती आणि ‘उद्या सकाळपर्यंत पाठवा’ असा निरोप. नटानं तो सीन स्वतःच चित्रित करून पाठवायचा, त्यालाच सेल्फ-टेप म्हणतात. पुण्यात राहून मालिकांत काम शोधणाऱ्या नटनट्यांची यात मोठी सोय झाली. पहिल्या फेरीसाठी पहाटेची गाडी पकडून अंधेरी गाठायची आणि नंबर लागेपर्यंत ताटकळायचं, हे बरंचसं थांबलं. पण कॅमेरा, प्रकाश, माइक आणि समोरचे संवाद वाचणारा माणूस हे सगळं पूर्वी कास्टिंगच्या, म्हणजे नटांची निवड करणाऱ्यांच्या, ऑफिसात तयार असायचं. आता ते ज्याचं त्याला उभं करावं लागतं. ही गरज ओळखून कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ, बाणेर अशा भागांत तासावर खोल्या मिळू लागल्या आहेत. कुणी त्यांना ऑडिशन रूम म्हणतं, कुणी सेल्फ-टेप स्टुडिओ.

या खोल्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पैसे मोजावेत ते शांततेसाठी आणि नीट क्यू देणाऱ्या, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वेळेवर वाचणाऱ्या, रीडरसाठी. जाहिरातींत नेमका याच दोन गोष्टींचा उल्लेख सगळ्यात कमी असतो. कॅमेऱ्याचं मॉडेल, लाइट किती, फोर-के आहे का, हे मात्र ठळक असतं. कास्टिंगमधला सहायक तुमची टेप फोनवर किंवा लॅपटॉपवर पाहतो, आणि एका बैठकीत अशा बऱ्याच टेप पाहतो. त्याला चेहरा दिसायला हवा आणि संवाद कळायला हवा. चेहऱ्यासाठी मधल्या किमतीच्या फोनचा मागचा कॅमेरा १०८०पी वर पुरेसा आहे. संवाद घुमत असेल, तर उत्तम कॅमेराही ती टेप वाचवू शकत नाही.

पुण्यात भाड्यानं मिळणाऱ्या जागा ढोबळमानानं चार प्रकारच्या आहेत, आणि प्रत्येकीचा मूळ उद्देश वेगळा असल्यामुळे दोषही वेगळे आहेत.

पॉडकास्टसाठी बांधलेला स्टुडिओ आवाजासाठी यांतला सर्वांत भरवशाचा. भिंतींवर कापडी पॅनल, खाली गालिचा, जाड दार. मात्र तिथलं सगळं बसून बोलणाऱ्या माणसासाठी रचलेलं असतं. कॅमेरे सोफ्याच्या उंचीला आणि तिरक्या कोनात, मागे स्टुडिओचं नाव लिहिलेली पाटी, कोपऱ्यात जांभळा-निळा दिवा. उभ्यानं करायचा सीन असेल तर डोकं कापलं जातं, आणि रंगीत दिव्याचा रंग गालावर उतरतो. बुकिंग करतानाच सांगावं लागतं: रंगीत दिवे बंद, माइकचा दांडा बाजूला, कॅमेरा ट्रायपॉडवर डोळ्यांच्या रेषेत आणि मागे साधा पडदा. एवढं करायची त्यांची तयारी असेल तर जागा चांगली. रीडर मात्र तिथे नसतो, तो आपला न्यावा लागतो.

फोटो स्टुडिओ पोर्टफोलिओसाठी ठीक, टेपसाठी आम्ही सुचवणार नाही. तिथले महागडे लाइट बहुधा फ्लॅशचे असतात, सलग जळणारे नसतात. व्हिडिओसाठी मग कुठले तरी दुय्यम दिवे काढले जातात. छत उंच, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो.

नाट्यसंस्थांचे तालमीचे हॉल सगळ्यात स्वस्त पडतात आणि क्यू द्यायला तिथे कसलेली माणसं मिळतात. फरशी आणि उघड्या भिंती हा त्यांचा दोष. दोन जाड सतरंज्या पायाखाली आणि एखादी गोधडी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला टांगली तर बराच फरक पडतो, कारण आपला आवाज त्या भिंतीवर आदळून परत माइकमध्ये येत असतो. शेजारच्या खोलीत दुसऱ्या गटाची तालीम नाही ना, हे आधी विचारावं. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत संध्याकाळी हे हॉल मिळणं अवघड. सकाळी सहसा रिकामे असतात.

चौथा प्रकार अभिनयाच्या क्लासनी चालवलेल्या ऑडिशन खोल्यांचा. सोय सगळी असते, रीडरही असतो. अडचण अशी की वाचणारे शिक्षक प्रत्येक टेकनंतर दुरुस्त्या सुचवतात आणि तिसऱ्या टेकपर्यंत नटाचा स्वतःचा विचार पुसला जातो. एकाच क्लासमधून आलेल्या टेपमध्ये तीच थांबायची जागा, तोच उसासा दिसू लागतो. तिथे जायचं तर ‘आज फक्त वाचन हवं, मार्गदर्शन नको’ असं नम्रपणे पण आधीच सांगावं.

आता शांततेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भिंतीला इंचभर जाडीचा खाचांचा फोम चिकटवला की खोलीला साउंडप्रूफ म्हणायची पद्धत पडली आहे. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीचा. बाहेरचा आवाज आत येणं त्यानं थांबत नाही. त्यासाठी जड भिंत, भरीव दार आणि फटी बंद केलेल्या खिडक्या लागतात. म्हणून फोम लावलेल्या खोलीतही कर्वे रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि शेजारचा कुकर स्पष्ट ऐकू येतो. गणपतीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत ढोल-ताशा पथकांचे सराव संध्याकाळी जोरात असतात. नदीपात्राजवळच्या खोल्यांत ढोलाचा ठोका फोममधून आरपार येतो, कारण खालच्या पट्टीचा आवाज असल्या पातळ थराला दाद देत नाही. त्या काळात सकाळची वेळ घ्यावी. पावसाळ्यात वर पत्र्याची शेड असलेली जागा कोणत्याच वेळी घेऊ नये.

खोली पारखायची रीत सोपी आहे. मधोमध उभं राहून एक जोरकस टाळी वाजवा. टाळीच्या मागे धातूसारखी झणझण रेंगाळली तर खोली घुमते. मग एसी, पंखा, ट्यूब सगळं बंद करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. कानाला सवय झालेले आवाज त्यात उघडे पडतात: यूपीएसची घरघर, लिफ्ट, बाहेरच्या खोलीतला फ्रीज. ‘नंतर सॉफ्टवेअरनं साफ करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जास्त साफ केलेला आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येतो आणि वाक्याच्या शेवटचा श्वास खाऊन टाकतो. टेकच्या वेळी एसी बंदच हवा. छोटी खोली मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटांत तापते, कपाळ चमकू लागतं. टिश्यू आणि कॉम्पॅक्ट हाताशी ठेवा आणि दर दोन टेकनंतर एसी लावून घ्या.

माइकबाबत दोन पर्याय असतात. कॉलरला लावायचा माइक घुमणारा आवाज कमी पकडतो, पण मालिकांच्या भूमिकांमध्ये त्याची एक खास अडचण आहे: साडीचा पदर, मंगळसूत्र आणि ओढणी त्याच्यावर घासतात, आणि काचेच्या बांगड्या छातीजवळ आल्या की प्रत्येक हालचाल ऐकू येते. घरंदाज सुनेच्या भूमिकेसाठी बांगड्या हव्या वाटल्या तर दोन्ही हातांत एकेकच ठेवा किंवा पातळ चिकटपट्टीनं आतून बांधा. फ्रेमच्या अगदी वर, तोंडापासून दोन फुटांवर लोंबणारा शॉटगन माइक (लांब नळीसारखा, समोरचा आवाज पकडणारा) जास्त चांगला, पण तो घुमणाऱ्या खोलीत वापरला तर खोलीचा सगळा दोष टेपमध्ये उतरतो. खोली घुमत नसेल तर शॉटगन, घुमत असेल तर कॉलरचा, हा हिशेब धरा.

पुण्यातल्या नटांना इथे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतून आलेल्या मुलामुलींचा आवाज भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तयार झालेला असतो. ती कमाई आहे, ती टाकून द्यायची नाही. पण माइक दोन फुटांवर आहे. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर पहिलं हळू वाक्य ऐकून पातळी लावतो आणि भांडणाच्या वाक्याला आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. सीनमधलं सगळ्यात मोठ्यानं म्हणायचं वाक्य आधी म्हणून दाखवा आणि मीटरचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावून घ्या.

रीडर. बुकिंगचा फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘वाचायला वेगळं माणूस आहे, की कॅमेरा चालवणाराच वाचणार?’ कॅमेरा चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष फोकसकडे असतं. तो कागदातून डोकं वर काढत नाही, क्यू उशिरा देतो किंवा तुमचं वाक्य संपण्याआधीच आपलं सुरू करतो. दोन आवाज एकमेकांवर चढले की तो टेक बाद. उत्तम रीडर लेन्सला चिकटून, तळहाताच्या अंतरावर, डोळे लेन्सच्या उंचीला येतील असा उभा राहतो. तो स्टुलावर बसला तर नटाची नजर खाली जाते आणि पापण्या अर्ध्या मिटलेल्या दिसतात. कास्टिंगवाल्यांना डोळेच दिसले नाहीत तर टेप पाठवून उपयोग काय? सीनमध्ये दोन माणसांशी बोलायचं असेल तर एकाची जागा लेन्सच्या डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, दोन्ही लेन्सच्या जवळ. थेट लेन्समध्ये बघायचं ते फक्त परिचय देताना.

रीडरनं अभिनय किती करावा यावर मतं वेगळी आहेत. आमच्या मते भाव पूर्ण, आवाज अर्धा. सपाट वाचलं तर नटाला प्रतिक्रिया द्यायला काहीच मिळत नाही, आणि रंगात येऊन वाचलं तर टेप रीडरची होते. फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्याच माइकवर आवाज घेत असाल तर रीडर त्याच्या जवळ असल्यामुळे नेहमीच्या आवाजात बोलला तरी नटापेक्षा मोठा ऐकू येतो, म्हणून त्यानं आवाज दाबून बोलायला हवं. बोलीचंही भान हवं. सीन कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी लहेजाचा असेल आणि समोरून शुद्ध पेठी उच्चारांत क्यू आले, तर नटाचा सूर दोन-तीन वाक्यांत घसरतो. त्या बोलीतला मित्र किंवा मैत्रीण सोबत नेणं केव्हाही चांगलं. जादा माणसाचे वेगळे पैसे घेतात का, ते आधी विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच खोल्यांमध्ये चुकते. रोजच्या मालिकेत सीन संपतो तो वाक्यावर नाही, चेहऱ्यावर. शेवटचा शब्द झाला की तीन-चार सेकंद तो चेहरा लागतो. खोलीतला ऑपरेटर शेवटचं वाक्य संपताच ‘कट’ म्हणतो आणि नट सैल पडतो. ‘मी मान हलवल्याशिवाय कट करू नका’ असं ठरवून घ्या. तसंच सुरुवातीला पहिल्या वाक्याआधी दोन सेकंद पात्र म्हणून नुसतं ऐका. दोन पानांच्या सीनमध्ये निवड करणाऱ्याला सगळ्यात जास्त सांगून जातात त्या या जागा.

प्रकाशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एक मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा दिवा) समोरून थोडा बाजूला, डोळ्यांच्या वर, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा मंद दिवा, झालं. रिंग लाइट टाळा, बुबुळात गोल कडं दिसतं आणि चष्म्यावर तर हमखास. सगळे दिवे एकाच रंगाचे हवेत, पिवळा बल्ब आणि पांढरा पॅनल एकत्र आले की अर्धा चेहरा आजारी दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडीखाली सेकंदाला ३० फ्रेमवर चित्रण केलं तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ते जातात. फोनवर फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर हात हलला की चेहऱ्याचा उजेड बदलत राहतो. मोठ्या कॅमेऱ्यावर पार्श्वभूमी अगदी धूसर करायचा मोह ऑपरेटरला होतो. नट जरा पुढे झुकला की फोकस सुटतो. टेपमध्ये ती धूसरता कुणी मागितलेली नसते. फ्रेम डोक्याच्या किंचित वरपासून छातीपर्यंत, कॅमेरा पाच-सहा फुटांवर. फोन दोन फुटांवर आणला तर नाक मोठं दिसतं.

पार्श्वभूमी करडी किंवा फिकी निळी, आणि नट तिच्यापासून चार फूट पुढे, म्हणजे सावली पडत नाही. हिरवा पडदा नको, हनुवटीखाली हिरवट छटा येते. कपडे सपाट रंगाचे. बारीक चौकडी आणि बारीक रेघा व्हिडिओत थरथरतात, जरीचा मोठा काठ उजेड फेकतो.

फाइल हातात घेताना अनेकांचं काम अडतं. मोठ्या कॅमेऱ्याची फाइल अवाढव्य असते, ती बदलून द्यायला ‘उद्या या’ म्हणतात, आणि मुदत तर सकाळची असते. बुकिंगच्या वेळीच ठरवा: एमपी४, एच.२६४ (सगळीकडे चालणारा व्हिडिओ प्रकार), १०८०पी, जागेवर. फोन एचईव्हीसी या नव्या प्रकारात चित्रण करत असेल तर सेटिंग बदलून घ्या, कारण काही जुन्या लॅपटॉपवर ती फाइल उघडत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ ही परवानगी चालू आहे का ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. परवानगी मागण्याचा मेल तुम्हाला येईपर्यंत पाहणारा पुढच्या टेपवर गेलेला असतो. फाइलचं नाव पूर्ण नाव, पात्राचं नाव, शहर असं ठेवा. ‘फायनल २’ नावाच्या फाइली तिकडे ढिगानं पडलेल्या असतात.

परिचयाची क्लिप सीनपासून वेगळी ठेवा, वेगळी मागितली नसली तरी. नाव, वय, उंची, सध्या राहण्याचं ठिकाण, आधीचं काम दोन वाक्यांत, मग डावी बाजू, उजवी बाजू, आणि एक पूर्ण उभा शॉट. पुण्याच्या नटानं एक गोष्ट न विचारता सांगावी: चित्रीकरणाच्या गावी राहायची तयारी आहे की नाही. बहुतेक मराठी मालिका गोरेगाव, ठाणे, मढ, नायगाव या पट्ट्यात होतात, काही कोल्हापूर-सातारा-नाशिककडे. बारा तासांच्या शिफ्टला रोज पुण्याहून जाऊन-येऊन काम होत नाही, आणि हे निवडणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

दोन बाबतींत कडक राहा. मालिकेचा सीन गोपनीय असतो. तुमच्या टेपचा तुकडा खोलीवाल्यांनी जाहिरातीसाठी रील म्हणून टाकला तर अडचणीत तुम्ही येता. चित्रण झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसली का, हे समोर उभं राहून पाहा. दुसरं, ‘टेप थेट चॅनलपर्यंत पोचवतो’ म्हणून जादा पैसे मागणारी पॅकेजं घेऊ नका. खऱ्या ऑडिशनसाठी नटाकडून पैसे घेत नाहीत. कोऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मध्यस्थ, असला तरी त्याचं कमिशन काम मिळाल्यावर मानधनातून जातं. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं आणि हातात यायला साधारण ९० दिवस लागतात, तेव्हा काम मिळण्याआधीच खिसा रिकामा करणारी ही पॅकेजं नवख्या मुलांना फार महागात पडतात.

वेळेचा अंदाज: दोन पानांच्या सीनला तयार होऊन गेलात तर पाऊण तास पुरतो. दहा मिनिटं कॅमेरा-दिवे, पाच आवाजाला, मग तीन-चार टेक, परिचय, आणि उरलेला वेळ फाइल फोनवर घेऊन ती शेवटपर्यंत चालवून पाहायला. पाचव्या टेकनंतर सहसा काही सुधारत नाही, फक्त पाठांतर ऐकू येऊ लागतं. बऱ्याच ठिकाणी किमान दोन तासांचं बुकिंग घ्यायला लावतात. अशा वेळी दोघांनी मिळून जागा घ्यावी आणि एकमेकांचे रीडर व्हावं. पुण्यातल्या पैशांचा याहून चांगला वापर आम्हाला सुचत नाही.

महिन्याला तीन-चार टेप जात असतील तर घरीच सामान जमवणं परवडतं. तपकीर गल्लीतून दिवे, स्टँड आणि वायर, रविवार पेठेतून करड्या रंगाचं मांजरपाट. कापड कमी पन्ह्याचं असेल तर जोड मधोमध येणार नाही असं शिवून घ्या आणि टांगण्याआधी इस्त्री करा. घरात रीडर नसेल तर लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवरून क्यू घेता येतात. क्षणभर उशीर होतो, पण पाठ केलेल्या सीनला ते निभतं. खोली तेव्हा घ्या जेव्हा घरी शांतता मिळत नाही, सीन मोठा आहे किंवा भूमिका मोठी आहे.

टेप आवडली की लूक टेस्ट (पात्राच्या वेशभूषेतली चाचणी) किंवा मॉक शूट (चाचणीचं चित्रीकरण) यासाठी बोलावणं येतं आणि मग चॅनलची मंजुरी. हे कधी दोन दिवसांत होतं, कधी दोन महिन्यांनी. तिथे तुमची टेप समोर ठेवून पाहतात. तोपर्यंत दाढी, केसांची लांबी आणि रंग टेपमध्ये होता तसाच राहू द्या, आणि पाठवलेली मूळ फाइल फोनमधून पुसू नका. बोलावलं की आदल्या रात्री ती पुन्हा पाहून, त्याच कपड्यांत, तोच सीन पाठ करून जा. बऱ्याचदा सुरुवात तिथूनच करायला सांगतात.